गाडी उभी कोठें करावी? — बाजारपेठेंतील जागेचा जमाखर्च

संसारांत पैशाची चणचण दोन प्रकारची असते. एका घरीं मिळकतच अपुरी असते. दुसऱ्या घरीं मिळकत बेताची पण पुरेशी असते, परंतु ती जाते कोठें याचा घरांतील कोणासच पत्ता नसतो. पहिल्या घरानें अधिक मिळविण्याची खटपट करावी. दुसऱ्यानें आधीं हिशेबाची वही घालावी. आणि जगाचा अनुभव असा आहे कीं, दुसऱ्या प्रकारचीं घरें स्वतःस नेहमीं पहिल्या प्रकारचींच समजत असतात. आपल्या लहान गांवांच्या बाजारपेठांतून ‘गाडी लावावयास जागाच नाहीं’ अशी जी ओरड आज सर्वत्र ऐकूं येते, तिचाहि प्रकार पुष्कळ अंशीं असाच आहे, हें या लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

विषय पाहून कित्येक वाचकभगिनी म्हणतील कीं, ही गोष्ट नगरपालिकेच्या सभागृहांतली. घरच्या मासिकांत तिचें काय काम? परंतु घरांतील झाडून सर्व माणसांशीं जिचा रोज संबंध येतो अशी याहून दुसरी सार्वजनिक बाब क्वचितच असेल. सूनबाई कचेरींतून परततांना स्कूटरवरून मंडईपाशीं येते, ती गाडी लावण्याच्या चिंतेंत. आजोबा निवृत्तिवेतनाच्या चौकशीसाठीं बँकेंत निघतात, तों पदपथावर ओळीनें लावलेल्या दुचाक्यांना वळसा घालून त्यांस भर रस्त्यांतून चालावें लागतें. नातू शिकवणीस सायकलवरून जातो, तो उभ्या मोटारीचें दार अकस्मात् उघडेल या धास्तीनें. आजीबाईंनीं तर एकटीनें देवदर्शनास जाणें केव्हांच सोडून दिलेलें असतें. शिवाय, जागा नाहीं अशी एकदां सर्वांची खात्री झाली म्हणजे मग जागा ‘करण्याची’ भाषा सुरू होते. आणि ती केली जाते कोठें? तर जुना वाडा पाडून, तळ्याचा कांठ बुजवून, चिंचेचीं झाडें तोडून, नाहीं तर शाळेच्या मैदानाचा एक कोपरा घेऊन. अशी गेलेली जागा पुन्हां परत येत नाहीं. म्हणून टंचाई खरी आहे कीं भासमान आहे, याचा निर्णय आधीं झाला पाहिजे.

शब्द जुना, प्रश्नहि जुना

‘पार्किंग’ हा शब्द आतां लहान मुलाच्याहि तोंडीं बसला आहे. आपल्या भाषेंत त्यास ‘वाहनतळ’ असा शब्द रूढ झाला आहे, व ‘गाडीतळ’ हा साधा शब्द पुण्याजवळील हडपसरच्या गाडीतळाच्या नांवानें अद्यापि जिवंत आहे. या ‘तळ’ शब्दांतील ध्वनि लक्ष्यांत घेण्याजोगा आहे. सैन्याचा तळ पडे, लमाणांच्या तांड्याचा तळ पडे, यात्रेकरूंचा तळ पडे. परंतु तळ म्हणजे वस्ती नव्हे. तळ आज पडला तर उद्यां हालावयाचाच. जो हालत नाहीं तो तळ नव्हे, तें ठाण होय. बाजारपेठेंतील गाडीच्या प्रश्नाचें निम्में उत्तर या एका शब्दांत सांठविलेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

वाट अडविण्याचा प्रश्नहि आजकालचा नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत नगरांतील रथ्या, म्हणजे रथ जाण्याचा सामान्य रस्ता, चार दंड रुंद असावा, व राजमार्ग आठ दंड असावा, असें सांगितलें आहे. दंड सुमारें सहा फुटांचा धरल्यास हे रस्ते २४ व ४८ फुटांचे होतात. त्याच ग्रंथांत माणसांची व लहान पशूंची वाट अडविणाऱ्यास १२ पण, आणि मोठ्या पशूंची वाट अडविणाऱ्यास २४ पण दंड सांगितला आहे. आपल्या कित्येक पेठांतील गल्ल्या कौटिल्याच्या रथ्येहूनहि अरुंद आहेत. आणि रथ मात्र घरोघर झाले आहेत! आजच्या कायद्याकडे पाहिलें तर सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमान्वयें वाहनें उभीं करण्याच्या जागा नेमून देण्याचा अधिकार राज्य सरकारास व त्यानें अधिकार दिलेल्या संस्थांस आहे; आणि १२२ व्या कलमानें इतरांस धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीनें वाहन ठेवण्यास मनाई आहे. तात्पर्य, नियम जुनाहि आहे आणि नवाहि आहे. नाहीं तो हिशेब.

एका गाडीस जागा किती?

हिशेब करावयाचा तर प्रथम माप पाहिजे. आपल्याकडील बांधकामाच्या नियमांत मोठ्या मोटारीच्या जागेचें माप २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब असें धरतात, आणि दुचाकीचें १ मीटर रुंद व २ मीटर लांब असें धरतात. म्हणजे मोटारीस १२.५ चौरस मीटर, व दुचाकीस २ चौरस मीटर. फुटांत सांगावयाचें तर एका मोटारीची जागा सुमारें १३५ चौरस फूट झाली. ज्या दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलींत आपल्यापैकीं कित्येकांच्या मागील पिढीनें मुंबईंत अख्खा संसार केला, तिचें क्षेत्र १२० चौरस फूट होतें! एक मनुष्य एका मोटारींतून पेठेंत येतो तेव्हां तो अशी एक खोली बरोबर घेऊनच येतो, व ती भररस्त्यांत मांडून पानाच्या दुकानाशीं गप्पा मारीत उभा राहतो, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. त्याच जागेंत सहा दुचाक्या राहतात. किंवा भाजी विकणाऱ्या तिघी-चौघी बायका बसतात, व दिवसभरांत त्यांच्यापाशीं शेंकडों माणसें येऊन जातात. यावरून मोटार वाईट असें आम्हांस सांगावयाचें नाहीं. वृद्ध, रुग्ण, लांबच्या खेड्यावरून आलेलें कुटुंब, यांस तिच्यावांचून गति नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, रस्त्याच्या कडेची जागा ही हवेसारखी अमर्याद वस्तु नसून ती धान्यासारखी मोजून वापरण्याची वस्तु आहे.

मोटारीच्या माहेरीं

मोटारींचा सुकाळ जगांत प्रथम अमेरिकेंत झाला; म्हणून त्यापासून होणारी व्याधिहि तेथेंच प्रथम उद्भवली, व तिचीं औषधेंहि तेथेंच प्रथम उगाळलीं गेलीं. दुसऱ्यास झालेल्या रोगाचा इतिहास वाचून आपलें पथ्य ठरविणें हें शहाणपणाचें असल्यामुळें त्या देशांतील दोन-तीन गोष्टी येथें सांगतों.

ओक्लाहोमा सिटी या शहरांत सन १९३५ च्या सुमारास व्यापारी अशी तक्रार करीत कीं, गिऱ्हाइकांस गाडी लावावयास जागा नाहीं. कार्ल मगी नांवाच्या एका वृत्तपत्रसंपादकाकडे या प्रश्नाचा विचार सोंपविण्यांत आला. त्यास असें दिसून आलें कीं, दुकानांसमोरील जागा अडविणाऱ्यांत मोठा भरणा पेठेंतच कामास येणाऱ्या माणसांचा होता. तीं सकाळीं येऊन गाडी लावीत, ती सायंकाळीं काढीत. तेव्हां त्यानें नाणें टाकतांच चालू होणाऱ्या, व मुदत संपतांच तसें दाखविणाऱ्या यंत्राची कल्पना काढली. ओक्लाहोमाच्या कृषि व यंत्र महाविद्यालयांतील थ्यूसन व हेल या दोघांनीं तें यंत्र सिद्ध केलें, आणि १६ जुलै १९३५ रोजीं जगांतील पहिला ‘पार्किंग मीटर’ त्या शहरीं उभा राहिला. दर तासास पांच सेंट द्यावे लागत. लक्ष्यांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, त्या यंत्रानें एक फूटभरहि नवी जागा निर्माण केली नाहीं. होती तीच जागा हालती ठेविली.

दुसरी गोष्ट लॉस एंजेलिसमधील वेस्टवुड व्हिलेज या पंधरा चौकांच्या लहानशा बाजारपेठेची. तेथील विद्यापीठांत डोनाल्ड शूप नांवाचे अध्यापक होते; ते सन २०२५ मध्यें निवर्तले. या गृहस्थांनीं आयुष्यभर एकाच विषयाचा अभ्यास केला, व तो विषय म्हणजे उभी राहिलेली मोटार! चालत्या मोटारीचा विचार सर्वांनीं केला, पण मोटार दिवसाचा बहुतेक काळ उभीच असते, इकडे कोणी पाहिलेंच नव्हतें. सन १९८० च्या दशकांत त्यांनीं व त्यांच्या विद्यार्थ्यांनीं वेस्टवुडमध्यें मोजणी केली. रस्त्याच्या कडेस जागा मिळविण्यासाठीं प्रत्येक गाडीस सरासरी ३.३ मिनिटें घिरट्या घालाव्या लागत, व तेवढ्यांत ती सुमारें अर्धा मैल चाले. एकट्याच्या दृष्टीनें हें कांहींच नव्हे. परंतु पेठेंत रोज येणाऱ्या हजारों गाड्यांचा वर्षाचा हिशेब केला तेव्हां तो सुमारें साडेनऊ लाख मैल भरला. म्हणजे पृथ्वीला सुमारें ३८ प्रदक्षिणा! रस्त्यांत जी दाटी दिसे तिच्यांतील कांहीं गाड्या कोठें जात नव्हत्याच. त्या केवळ दुसरी गाडी निघण्याची वाट पाहत फिरत होत्या. आपल्या पेठेंतहि ही प्रदक्षिणा रोज चालते. मोजली मात्र कोणी नाहीं.

मोजणी कशी करावी?

आमच्या आयुष्याचीं पुष्कळ वर्षें मुलांस काळ-काम-वेगाचीं उदाहरणें घालण्यांत गेलीं. ही मोजणी त्याहून अवघड नाहीं. तिचे दोन भाग: जागा किती आहे, आणि ती वापरतो कोण व किती वेळ.

जागेची मोजणी करतांना पेठेचा साधा नकाशा काढून प्रत्येक रस्त्याचे चौकापासून चौकापर्यंत तुकडे पाडावे व त्यांस क्रमांक द्यावे. मग पायीं फिरून प्रत्येक तुकड्यांत मोटारी किती व दुचाक्या किती राहतील हें लिहावें. चौकाच्या तोंडाशीं, रुग्णालयाच्या फाटकाशीं, एस. टी. च्या थांब्यापाशीं, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर व पदपथावर जी जागा दिसते ती जागा नव्हे. ती वहींत धरूं नये. सम-विषम तारखांचा नियम असेल तर रस्त्याची एकच बाजू धरावी. आणि जी जागा कोणाच्याहि ध्यानांत येत नाहीं ती अवश्य धरावी: बँकेचें आवार, चित्रपटगृहाचें पटांगण, देवस्थानाची मोकळी जागा, आणि मंगल कार्यालयाचें अंगण. वर्षांत मुहूर्ताचे दिवस किती हें पंचांग पाहिल्यास कोणासहि कळेल. उरलेल्या दिवशीं तें अंगण केवळ वाळलेलीं पानें सांठविण्याच्या उपयोगीं पडत असतें.

वापराची मोजणी दोन दिवस करावी. एक साधा दिवस व एक आठवड्याच्या बाजाराचा. सकाळीं दहापासून रात्रीं आठपर्यंत दर तासाला त्याच वाटेनें फेरी मारावी, आणि उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आंकडे त्या त्या जागेपुढें टिपावे. मालकाचें नांव-गांव शोधण्याचें कारण नाहीं, आंकडे पुरेत. यावरून दोन गोष्टी कळतात. कोणत्या तासाला शंभर जागांपैकीं किती भरलेल्या होत्या, ही एक. आणि एकच गाडी एकाच जागीं किती तास होती, ही दुसरी. पहिल्या आंकड्याकडे सर्वांचें लक्ष्य जातें. खरें मर्म दुसऱ्यांत असतें.

उदाहरणार्थ, एका पेठेंत मोटारींसाठीं शंभर जागा आहेत, व बाजार आठ तास चालतो, असें समजूं. म्हणजे पेठेपाशीं दिवसाचें भांडवल ८०० तासांचें झालें. एका गिऱ्हाइकास अर्धा तास पुरतो असें धरल्यास या भांडवलांत १६०० गाड्या येऊन जातील. आतां समजा, चाळीस दुकानदारांनीं व नोकरदारांनीं सकाळीं येऊन आपापल्या मोटारी दारापुढें लावल्या. त्यांनीं ३२० तास खाल्ले. उरले ४८०, व त्यांत ९६० गाड्या मावल्या. चाळीस गाड्यांनीं ६४० गिऱ्हाइकांच्या गाड्या परत लावल्या! पाहणाऱ्यास मात्र इतकेंच दिसतें कीं पेठ भरलेली आहे. आणि तो म्हणतो, जागा अपुरी आहे. शंभर जागांच्या चाळीस अधिक करण्यास वाडा पाडावा लागतो. चाळीस गाड्या पांच मिनिटांच्या वाटेवर नेऊन ठेवण्यास केवळ मन वळवावें लागतें.

आणखी एक गोष्ट. सर्व जागा भरल्या म्हणजे व्यवस्था उत्तम, असें नव्हे. शूप यांचें म्हणणें असें कीं, शंभरांपैकीं सुमारें ८५ जागा भरलेल्या असाव्या. म्हणजे प्रत्येक रांगेंत एखाद-दुसरी जागा मोकळी सांपडते व घिरट्या संपतात. फार मोकळी असेल तर जागा वायां जाते. मुळींच मोकळी नसेल तर रस्ता वायां जातो. पंगतींत वाढप्यास फिरावयास वाट ठेवावी लागते, त्यांतलाच हा प्रकार.

एका मैदानाची हकीकत

आमच्या परिचयाच्या एका तालुक्याच्या गांवीं शाळेच्या मैदानाचा रस्त्याकडील कोपरा गाडीतळासाठीं मागण्यांत आला होता. मागणारे कोणी दुष्ट नव्हते. त्यांत आमचे जुने विद्यार्थीहि होते. त्यांपैकीं कापडाचा व्यापार करणारा एक जण आम्हांस म्हणाला, “गुरुजी, कोपरा मुलांना कितीसा लागतो? इकडे गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाहीं म्हणून जिल्ह्याच्या गांवीं जातंय.”

आम्हीं विचारलें, “अरे, तुझी स्वतःची गाडी कोठें असते?”

“ती काय, दुकानासमोर. डोळ्यांपुढं बरी.”

“आणि शेजारच्याची?”

“त्याच्या दुकानासमोर,” असें म्हणून तो थांबला, व हंसला.

पुढें आम्हीं व दोघां-तिघां सेवानिवृत्त स्नेह्यांनीं वर सांगितल्याप्रमाणें दोन दिवस वह्या घेऊन फेऱ्या घातल्या. सकाळच्या पहिल्या फेरींत जे आंकडे लिहिले होते, त्यांतील पुष्कळसे सायंकाळच्या फेरींतहि त्याच ओळींत पुन्हां लिहावे लागले. ते कोणाचे हें शोधावें लागलें नाहीं. वही दाखवितांच ज्यानें त्यानें आपला आंकडा ओळखला. व्यापाऱ्यांचीहि बाजू ऐकून घेण्यासारखी होती. गाडी लांब ठेवली तर चोरीचें भय. मालाचीं गांठोडीं वाहावयाचीं. रात्रीं दुकान मिटवून रोकड घेऊन अंधारांतून चालावयाचें. म्हणून मंगल कार्यालयाच्या धन्याशीं बोलणें करून मुहूर्त नसलेल्या दिवशीं तें आवार माफक भाड्यानें दुकानदारांस मिळावें, राखणदार असावा, व वाटेवर दिवे लागावे, अशी तडजोड ठरली. दुकानांपुढील कांहीं जागा मोकळ्या झाल्या, व मैदानाचा कोपरा राहिला. सर्व कांहीं सुरळीत झालें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कांहीं गाड्या महिन्याभरांत आपल्या जुन्या जागीं परत आल्या, आणि कोपऱ्याची मागणी निवडणुकीच्या सुमारास पुन्हां डोकें वर काढते. परंतु आतां ती मागणी आली कीं लोक विचारतात, “वही कोठें आहे?” हा लाभ लहान नव्हे.

मोजणीअंतीं टंचाई खरीच आहे असें ठरलें तर काय? तर तळ अवश्य बांधावा. पण तो पेठेच्या पोटांत न बांधतां कडेस बांधावा; तेथपासून पेठेंत यावयास सावलीची व सपाट वाट असावी. आणि किती जागा हव्या याचा अंदाज दिवाळीच्या आदल्या दिवसावरून किंवा जत्रेवरून बांधूं नये. घरांत वर्षांतून एकदां दोनशें पानें उठतात म्हणून कोणी रोजचें स्वयंपाकघर दोनशें पानांचें बांधीत नाहीं. अमेरिकेंत पुष्कळ गांवांनीं नेमकें हेंच केलें. अगदीं गर्दीच्या वेळेचा हिशेब धरून प्रत्येक दुकानास अमुक इतका गाडीतळ ठेवलाच पाहिजे असे नियम केले. जुन्या इमारती पाडून डांबराचीं मैदानें केलीं. आणि अखेरीस गाडी लावावयास जागा झाली, परंतु ती लावून जावें असें तेथें फारसें कांहीं उरलें नाहीं.

दाम घ्यावें कीं नाहीं?

हा प्रश्न नाजूक आहे. ‘आम्ही कर भरतों, रस्ता आमचा आहे, मग उभें राहण्याचे पैसे कसले?’ असें सुशिक्षित मनुष्यहि विचारतो. त्यास आमचें उत्तर असें कीं, रस्ता जाण्यासाठीं सर्वांचा आहे; पण त्यावर एक खोलीभर जागा चार तास एकट्यासाठीं राखणें हें जाणें नव्हे, तें राहणें होय. धर्मशाळा सर्वांची असते, म्हणून तेथें कोणी कायमचें बिऱ्हाड करीत नाहीं. शिवाय ज्याच्यापाशीं गाडी नाहीं, जो एस. टी. नें येऊन पायीं बाजार करतो, तोहि करांत वांटा देतोच; त्याच्या पैशानें दुसऱ्याची मोटार फुकट उभी राहावी, हा न्याय कोठला?

परंतु दाम घेण्याचीहि रीत आहे. कॅलिफोर्नियांतील पॅसेडीना गांवची जुनी पेठ मोडकळीस आलेली होती. तेथें सन १९९३ पर्यंत मीटर नव्हते, व कडेच्या जागा दुकानांतील माणसेंच अडवीत. मीटर बसविण्यास व्यापाऱ्यांचा विरोध होता. गिऱ्हाईक जाईल अशी त्यांस भीति होती. तेव्हां नगरपालिकेनें वचन दिलें कीं, मीटरचें उत्पन्न याच पेठेच्या सुधारणेस लागेल. विरोध मावळला. सुमारें ६९० मीटर बसले, तासास एक डॉलर दर ठरला, आणि त्या पैशांतून पदपथ, झाडें, दिवे व मागील गल्ल्या नीट झाल्या. पेठ पुन्हां नांवारूपास आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस रेडवुड सिटी नांवाचें गांव आहे; आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें त्याच भागांत नोकरीस असतील. त्या गांवानें सन २००५ मध्यें असा नियम केला कीं, मध्यवस्तींतील दर हा मोजणी करूनच ठरवावा: ८५ टक्क्यांहून अधिक जागा भरत असल्यास दर वाढवावा, कमी भरत असल्यास उतरवावा. दर हा दंड नसून तराजूंतलें वजन आहे, हें तत्त्व त्यांत स्पष्ट आहे.

आपल्याकडे पुणें महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेनें सन २०१८ मध्यें रस्त्यावर वाहन उभें करण्यास मोबदला घेण्याचें धोरण मंजूर केलें. परंतु मोठा विरोध झाल्यामुळें तें मोजक्या रस्त्यांपुरतें प्रयोगादाखल ठेवण्याचें ठरलें. आमच्या मतें लहान गांवानें यांतून एवढाच बोध घ्यावा कीं, आलेला पैसा आपल्याच पेठेंत खर्चलेला दिसेल असा भरंवसा लोकांस आधीं द्यावा, मग पेटी पुढें करावी. तसेंच दुचाकीस व मोटारीस एकच दर नसावा. जागेच्या मानानें तो असावा.

दोन टोकांचीं उदाहरणेंहि ध्यानांत असावीं. जपानांत सन १९६२ च्या कायद्यान्वयें मोटार घेणाऱ्यास ती ठेवण्याची जागा आपल्यापाशीं आहे असा दाखला सर्वसाधारणपणें आधीं मिळवावा लागतो. रस्ता हा त्याचा वाडा धरला जात नाहीं. आणि आपल्याच माथेरानांत पाहुण्यांस आपली मोटार दस्तुरी नाक्यावर सोडूनच पुढें जावें लागतें. मोटार दारापर्यंत जात नाहीं म्हणून माथेरानास जाणें कोणी सोडलेलें आम्हीं ऐकिलें नाहीं. किंबहुना त्याचसाठीं पुष्कळ लोक तेथें जातात.

घरानें काय करावें?

शेवटीं गोष्ट घरावर येते. एकत्र कुटुंबांत पूर्वीं एक सायकल चार भावांस पुरे. आज चार माणसांस पांच वाहनें असतात, व वाड्याच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतीखालीं तीं मावत नाहींत, म्हणून रस्त्यावर येतात. नवें वाहन घेतांना ‘हप्ता किती?’ हा प्रश्न सर्व विचारतात, ‘ठेवणार कोठें?’ हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तो घरांतील वडील माणसांनीं विचारावा. एकाच घरांतून तिघांनीं तीन वेळां पेठेंत जाण्याऐवजीं यादी करून एकानें जावें. दहा मिनिटांच्या वाटेस चालत जावें. ज्यांची दुकानें पेठेंत आहेत त्यांनीं दारापुढची जागा ही गिऱ्हाइकाची बैठक समजून मोकळी ठेवावी. आणि रुग्णालयापुढें, शाळेच्या फाटकापुढें व पदपथावर ‘दोनच मिनिटें’ म्हणून गाडी लावण्याचा मोह आवरावा. कारण त्या दोन मिनिटांत ज्या म्हातारीस रस्त्यांत उतरावें लागतें, ती कोणाची तरी आजी असते.

आपल्या गांवीं वाडा पाडण्याची किंवा मैदान घेण्याची मागणी होईल तेव्हां तिला केवळ विरोधहि करूं नये आणि केवळ होकारहि देऊं नये. घरांतील निवृत्त मनुष्य, एक-दोन मोठीं मुलें, एक वही व एक पेन्सिल एवढें साहित्य घेऊन दोन दिवस पदपथावरून फेऱ्या घालाव्या, व तो हिशेब सभेंत मांडावा. मुलांस यांत त्रैराशिक, शेंकडेवारी व नागरिकत्व हे तीनहि विषय एकदमच शिकतां येतील, आणि वडिलांचें चालणेंहि होईल. सुज्ञांस याहून अधिक सांगणें नलगे.